ऑपरेशनला खाडा नाही

पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत तिच्या नावापुढचा रकाना आता कायमचा भरला आहे. तीन अपत्यं, धाकटा मुलगा, आईचं वय 24, पद्धत: स्त्री शस्त्रक्रिया. आमच्या लेखी प्रकरण मिटलं. मी गटप्रवर्तक, म्हणजे आशाताईंच्या कामावर लक्ष ठेवणारी. महिन्याच्या अहवालात अशी एक नोंद वाढली की वरून कुणी काही विचारत नाही. तरी मला हे सगळं एकदा सलग लिहून काढावंसं वाटलं, कारण त्या रकान्यापर्यंत पोचायच्या आधी आम्ही तिला तीन वेगवेगळी साधनं दिली होती आणि तिन्ही तिच्या हातून सुटली. ती का सुटली हे आमच्या एकाही फॉर्मवर लिहायला जागा नाही.

तिचं नाव लिहीत नाही. गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं, एवढं पुरे. पावसाळ्यात सोयाबीन, थोडा कापूस. घट बसले की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागायला सुरुवात होते, आणि दिवाळीपर्यंत गावात म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि कुत्री उरतात. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये, साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की.

वय 24 हे आधार कार्डावरचं. खरं वय 21. नववीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात लग्न झालं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आईबाप उसाच्या फडावर, घरी आजी थकलेली, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा एक हिशोब. पलीकडच्या घरचा दुसरा: ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. म्हणून हंगामाच्या आधी पोराचं लग्न उरकून घेतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास होता. लग्नासाठी तिचं वय कागदावर तीन वर्षांनी वाढवून घेतलं. पुढे ऑपरेशनच्या वेळी, जिथे बाई किमान 22 वर्षांची असावी असा सरकारी निकष आहे, तिथे हाच कागद पुन्हा कामी आला.

पहिली मुलगी सोळाव्या वर्षी झाली. त्या वेळी घरात कुटुंब नियोजनाचा विषयच नव्हता. आशाताई एकदा बोलून बघायला गेल्या, तेव्हा सासू म्हणाली, "आधी घराला दिवा तर येऊ द्या." ती स्वतः निर्धास्त होती, कारण बाळ अंगावर पीत होतं आणि अंगावर पाजतंय तोवर दिवस जात नाहीत असं आईनं सांगितलेलं. हे अर्धंच खरं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, आईची पाळी सुरू झालेली नसेल आणि बाळाला वरचं काहीच न देता रात्रंदिवस पाजत असेल, तरच त्याचा भरवसा. पोर बांधावरच्या झोळीत आणि आई दोनशे पावलांवर उसात, अशा दिवसात पाजणं तीन-चार वेळांवर येतं. दुसरी मुलगी झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

हिशोब दिवसांचा

तिच्याशी माझं सगळ्यात लांब बोलणं झालं ते ऑपरेशनच्या आठवडाभर आधी, ओसरीवर, ती शेंगा फोडत असताना. मी समुपदेशनाचा तक्ता काढला. त्यातला पहिला प्रश्न, गर्भनिरोधनाच्या कोणकोणत्या साधनांची माहिती आहे? ती हसली आणि शेंगांची टरफलं एका ओळीत मांडत गेली. तांबी (कॉपर-टी), छाया गोळी, रोजची गोळी, सुई, निरोध. एकही चुकलं नाही. मग प्रत्येक टरफलावर बोट ठेवून तिनं किंमत सांगितली. रुपयांत नाही, कारण ही सगळी साधनं आमच्याकडे फुकटच मिळतात. दिवसांत.

पहिलं टरफल तांबीचं. दुसरी मुलगी ग्रामीण रुग्णालयात झाली आणि बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तिला तांबी बसवली. तिला विचारलं होतं का? "सही घेतली होती. कशाकशाच्या सह्या होत्या, मोप होत्या." साधन म्हणून तांबीत खोट नाही, 380 ए प्रकारची बसवली तर दहा वर्षं चालते. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, पोटात कळ येऊ शकते, ते हळूहळू कमी होतं, हे समुपदेशनात सांगायचं असतं. सांगितलंही असेल. पण घरात राहणाऱ्या बाईनं 'जास्त रक्त' सहन करणं आणि फडातल्या बाईनं सहन करणं यात फार अंतर आहे. कोपीला, म्हणजे फडाजवळच्या झोपडीला, संडास नाही. पाणी टँकरचं, तेही प्यायला पुरेल इतकंच. पहाटे चारला फडात उतरायचं, उजाडेपर्यंत तोडायचं, मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. लुगडं खराब झालं तर बदलायला आडोसा म्हणजे ऊसच, आणि तोही ती स्वतःच तोडत निघालेली. जानेवारीत तिनं कारखान्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात तांबी काढून घेतली. फी गेली, ट्रॅक्टरवाल्याला भाडं गेलं आणि दोन खाडे पडले.

खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. कोयता एक दिवस बसला की मुकादम उचलीतून पाचशे-हजार कापतो, शिवाय त्या दिवसाची तोड बुडते ती वेगळी. दोघांतला एक जरी आजारी पडला तरी खाडा दोघांचा. म्हणून बाईच्या पोटदुखीला घरात तिच्या एकटीचं दुखणं म्हणून कुणी धरत नाही; नवऱ्याची मजुरी, सासूनं पोरीला पाठवायचे पैसे, फेडायची उचल, सगळं त्या एका दुखण्याला बांधलेलं असतं.

दुसरं टरफल छायाचं. परत आल्यावर मे महिन्यात आशाताईंनी तिला छाया सुरू करून दिली. ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली बिनहार्मोनची गोळी; पहिले तीन महिने आठवड्यात ठरलेले दोन वार, पुढे आठवड्यातून एकदा. वार लक्षात ठेवणं तिला अजिबात अवघड गेलं नाही. अडलं दुसरीकडेच. या गोळीनं काही जणींची पाळी लांबते. तिची दहा दिवस लांबली, सासूच्या ते लगेच लक्षात आलं आणि घरात आनंदाची कुजबुज सुरू झाली. पुन्हा पाळी आल्यावर त्या आनंदाचं काय झालं असेल ते ती बोलली नाही. गोळ्यांचं पाकीट मात्र तिनं आशाताईंना परत आणून दिलं. "गोळी घेत्ये हे सांगू तर कुणाला?"

तिसरं टरफल सुईचं, आणि मी सगळ्यात जास्त विचार केला तो याच साधनाचा. अंतरा इंजेक्शन 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आहे. तीन महिन्यांतून एकदा. कुणाला दिसत नाही, रोजची आठवण ठेवायची नाही, नवऱ्याला विचारायचं नाही. गावातल्या सुनांसाठी याहून सोयीचं साधन नाही, असं मी स्वतः कितीतरी बैठकांत सांगितलंय. तिनं ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला. दुसऱ्याची तारीख नोव्हेंबरची. नोव्हेंबरमध्ये ती कोल्हापूरकडे, गावापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब.

तारीख चुकली तरी चार आठवड्यांची सवलत असते, हेही तिला ठाऊक होतं. कार्ड तिनं पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं. एका सकाळी ती चार किलोमीटर चालत तिथल्या उपकेंद्रात गेली. दाराला कडी, सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या वस्तीवर गेलेल्या. ते त्यांचं ठरलेलंच काम होतं, दोष कुणाला द्यायचा? परत येईस्तोवर अकरा वाजले आणि तो दिवस खाड्यात गेला. दुसऱ्यांदा ती गेली नाही. मार्चमध्ये दिवस राहिले. सुईचा असर उतरायला काही महिने लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये ती गावात आली तेव्हा आशाताईही निर्धास्त होत्या, आणि तिची पाळी येत नाही ती सुईमुळेच, असं तिघींनी धरून चाललं. तिघींत मीही होते. लघवीची तपासणी करायला आम्हाला मे उजाडला.

निरोधवर तिनं बोट ठेवलं आणि ते टरफल टिचकीनं उडवून दिलं. प्लास्टिकच्या कागदाची एकखणी कोपी, शेजारची कोपी दोन हातांवर, आत दोन पोरी. "तिथं दिवा बी लावता येत न्हाई, ताई."

सगळी टरफलं झाल्यावर एक शेंग उरली होती. ती तिनं फोडलीच नाही, नुसती पुढे सरकवली. "ऑपरेशनला खाडा न्हाई." सप्टेंबरात करायचं, घट बसायच्या आत टाके सुटतात, आणि पुढे कुठल्याच फडात कुठल्याच तारखेला कुणाचं दार ठोठवायला जायचं नाही. तिला सगळी माहिती होती, आणि तिच्या वर्षभराच्या दिनदर्शिकेत बसणारं हे एकच साधन होतं.

घरातली माणसं

मुलगा डिसेंबरमध्ये फडावरच झाला, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी ती कोपीत परत. तो झाला नसता तर ऑपरेशनची परवानगी मिळालीच नसती, हे ती सरळ सांगते. मला हे मूल नको होतं असं ती म्हणते, आणि मुलगा झाला ते बरं झालं असंही म्हणते. दोन्ही वाक्यं एका दमात. मी पूर्वी अशा ठिकाणी विसंगती शोधायचे, आता शोधत नाही.

दोन मुलींवर थांबणाऱ्या घरांसाठी शासनाच्या योजना आहेत. लेक लाडकी योजनेत, 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरचं रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर, टप्प्याटप्प्यानं 1 लाख 1 हजार रुपये मिळतात, आणि पुढच्या हप्त्यांना कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सासूला मी ही योजना समजावून सांगितली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातले पाऊण लाख पोरगी अठराची झाल्यावर ना? तवर कोयता कोण धरील?" मी म्हटलं, मावशी, तुमच्या सुनेनं कोयताच तर धरलाय. त्यावर ती काही बोलली नाही. तिच्या म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा आणि त्याचा मुलगा; आणि आमच्या योजनांपैकी एकही त्या जागी उभी राहत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

नवऱ्याच्या नसबंदीचा विषय मी मुद्दाम त्याच्यासमोर काढला. बिनटाक्याची, पंधरा-वीस मिनिटांची शस्त्रक्रिया, दोन दिवसांनी हलकी कामं करता येतात, बाईच्या ऑपरेशनपेक्षा धोका कमी. फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं. तो माणूस वाईट नाही. बायको आजारी असताना मोळ्या एकट्यानं वाहिल्याचं तीच सांगते. पण तो मान खाली घालून म्हणाला, "मग कोयता कसा धरायचा?" मी म्हटलं, ती पण धरतेच की. तेवढ्यात खाटेवरून आजेसासरे बोलले. त्या साली, म्हणजे आणीबाणीत, 1976 साली, गावातल्या कुणाकुणाला जीपमध्ये घालून नेलं, त्यांची नावं त्यांनी एकापाठोपाठ घेतली. त्या वर्षी देशभरात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. पन्नास वर्षं होत आली, गावानं ते विसरायचं नाव घेतलेलं नाही. 2019-21 च्या त्याच पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी जवळपास 38 टक्के, पुरुष नसबंदी 0.3 टक्के, महाराष्ट्रात स्त्री नसबंदी निम्म्याच्या आसपास. या आकड्यांना मी 'पुरुषी मानसिकता' म्हणून मोकळी व्हायचे. त्या ओसरीवर भीती जास्त होती, आणि भीतीला कोयत्याचं कारण आयतं मिळालेलं होतं.

ऑपरेशनसाठी नवऱ्याची संमती कायद्यानं लागत नाही. लागली ती सासूची, कारण पोरं सांभाळायला तीच राहणार होती.

नंतर

सप्टेंबरमधल्या एका बुधवारी, ऑपरेशनच्या ठरलेल्या वारी, आशाताई आणखी तिघींसोबत तिला घेऊन गेल्या. टाक्याचं ऑपरेशन झालं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला मिळणारे सहाशे रुपये पुढे खात्यावर आले. चार दिवसांच्या सोयाबीन काढणीचे बुडाले ते त्याहून जास्त होते. दोन आठवडे जड उचलू नको असं सांगितलेलं, ते तिनं पाळलं. विसाव्या दिवशी गाडी लागली आणि ती मोळीखाली गेली.

इथे नोंदवही बंद होते. कार्यक्रमाच्या भाषेत तिची 'गरज भागली'. देशात नऊ टक्क्यांहून थोड्या जास्त विवाहित बायकांची गर्भनिरोधनाची गरज भागलेली नव्हती असं तीच पाहणी सांगते. त्यांच्यातून एक नाव कमी झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे स्वतःहून आली. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरलेली. फडाजवळच्या एका डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं होतं की गर्भाच्या पिशवीला सूज आहे, काढून टाक, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. खर्चाचा आकडा पुढच्या उचलीतून बसत होता आणि मुकादम द्यायला तयार होता. ती बावीस वर्षांची. तिचा प्रश्न साधा होता: "पोरं झाली, ऑपरेशन झालं. आता तिचा उपयोग काय? दर महिन्याला चार दिवसांचा त्रास तरी जाईल."

मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण तिचा हिशोब चुकीचा नव्हता, तो आमच्याच हिशोबाचा पुढचा टप्पा होता. पोरं थांबवणं एवढंच आम्ही तिच्या शरीराचं काम म्हणून तिला शिकवत आलो. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. बातम्या आल्या, गदारोळ झाला, जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. फडाजवळचा दवाखाना दुसऱ्या जिल्ह्यात होता.

तिला उपजिल्हा रुग्णालयात नेलं. जंतुसंसर्ग निघाला. दोघांना औषधाचा कोर्स दिला, नवऱ्यानंही तो पुरा घेतला. पिशवी अजून जागेवर आहे. अंडाशय राहिले तरी लवकर पिशवी काढलेल्या बाईची पाळी जाण्याची लक्षणं लवकर सुरू होऊ शकतात, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं. पुढच्या हंगामात पुन्हा दुखलं तर काय करशील, हे मी विचारलं नाही.

यंदा तिची धाकटी जाऊ घरात आलीय. कागदावर एकोणीस. खरं वय मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ऑगस्टमध्ये तीच उपकेंद्रात आली, मोठीनं पाठवलेली. तिला अंतरा हवी होती. पहिला डोस झाल्यावर तिनं आशाताईंना विचारलं, "कार्ड तिकडं चालतंय का?" आशाताईंनी फडाजवळच्या आशाचा नंबर आधीच मिळवून ठेवला होता, कसा ते त्यांनाच माहीत, कारण असा नंबर द्यायची कुठलीही अधिकृत पद्धत आमच्याकडे नाही. कार्डाच्या मागे त्यांनी तो मोठ्या आकड्यांत लिहिला आणि खाली कुठल्या वारी सिस्टर उपकेंद्रात असतात तेही.

नोव्हेंबरमध्ये आशाताईंच्या मोबाइलवर त्या कार्डाचा फोटो आला. दुसऱ्या डोसची तारीख भरलेली, शेजारी न वाचता येणारी सही. खाली तिनं बोलून पाठवलं होतं की सिस्टरच कोपीवर आल्या, खाडा पडला नाही. फेब्रुवारीचा रकाना अजून कोरा आहे.